स्पेसरलाही ड्रॉइंग लागते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावात संध्याकाळच्या वेळी काँग्रेस रोडवर किंवा खानापूर रोडवर घटकाभर उभे राहिले, तर मागची चाके मडगार्डच्या बाहेर डोकावणारी एखादी तरी सेडान गाडी नजरेस पडते. पुढची चाके अरुंद, मागची रुंद, आणि ती आणखी बाहेर यावीत म्हणून हब (गाडीचा जो फिरता भाग चाक धरतो तो) आणि रिम यांच्या मध्ये बसवलेली अॅल्युमिनियमची जाड चकती, अशी ही रचना असते. या रचनेला तरुण मंडळी ‘स्टॅगर्ड’ म्हणतात आणि त्या चकतीला ‘स्पेसर’. मी उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये चौतीस वर्षे काढलेला, आता निवृत्त झालेला माणूस आहे. हायड्रॉलिकच्या कामात मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला की माल परत येतो, हे ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्याच गावात माणसे बसवून नेणाऱ्या गाडीची चाके मात्र अंदाजाने आणि डोळ्यांनी बसवली जात आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, पण विषय मोजमापाचा असल्यामुळे आकडे दिल्याशिवाय तो सांगता येत नाही.

आरंभीच सांगतो की हौसेला माझा विरोध नाही. आमच्या पिढीने सायकलीला रंगीत गोंडे लावले आणि मोटारसायकलीचे सायलेन्सर चकचकीत करून घेतले. आजची मुले गाडीला मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची नक्षीदार रिम, लावतात, यात वावगे काही नाही. शिवाय पुढे अरुंद आणि मागे रुंद चाके ही कल्पना मुळात चुकीची नाही. ज्या गाड्यांचे इंजिन मागच्या चाकांना फिरवते, त्या गाड्यांत जोर लावण्याचे सगळे काम मागच्या टायरांवर पडते आणि म्हणून काही निर्माते मागे अधिक रुंद टायर देतात. बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजच्या काही गाड्यांना पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ असे टायर कारखान्यातूनच मिळत. यात पहिला आकडा रुंदीचा मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा, आणि शेवटचा रिमच्या व्यासाचा इंचांत. या दोन टायरांची रुंदी ३० मिलिमीटरने वेगळी आहे, पण हिशेब केला तर पुढच्याची उंची ६५९.७ मिलिमीटर येते आणि मागच्याची ६६१.२, म्हणजे फरक अवघा दीड मिलिमीटरचा. रुंदी वाढवताना उंची जपलेली आहे. त्यामागे कुणीतरी कागदावर गणित मांडले होते, हे त्या दोन आकड्यांतच दिसते.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या पुतण्याकडे चार स्टडची (स्टड म्हणजे हबमधून बाहेर आलेला, ज्यावर चाकाचा नट आवळतात तो आट्यांचा दांडा), पुढच्या चाकांनी ओढली जाणारी साधी सेडान आहे. तिचे मूळ रिम १५ इंची, ६ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटचे, तर टायर १८५/६० आर १५ होते. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला टेकते तो पृष्ठभाग, या दोहोंमधील अंतर. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. हा आकडा जितका मोठा, तितके चाक आत जाते आणि जितका लहान, तितके ते बाहेर येते. सगळा खेळ या एका आकड्याचा आहे, आणि दुकानात रिमचा रंग व जाळीची नक्षी यांवर तासभर बोलणारी मंडळी नेमका तोच आकडा विचारत नाहीत. पुतण्याने गेल्या दिवाळीनंतर पुढे साडेसहा इंची आणि मागे साडेसात इंची, दोन्ही ४० ऑफसेटची, १६ इंची रिम घेतली. पुढे १८५/५५ आणि मागे २०५/५० टायर चढवले. दुकानदाराला एक श्रेय मी दिले पाहिजे, ते असे की टायरांची उंची त्याने बरोबर राखली होती: पुढे ६०९.९ आणि मागे ६११.४ मिलिमीटर. मूळ टायर ६०३ मिलिमीटरचा असल्यामुळे फरक दीड टक्क्याच्या आत राहिला आणि एबीएसला (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) किंवा वेगदर्शक काट्याला तक्रार करण्याजोगे काही उरले नाही.

अडचण आली ती मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला. मूळ सहा इंची रिमपेक्षा साडेसात इंची रिम दीड इंचाने, म्हणजे ३८ मिलिमीटरने रुंद. त्यातले १९ मिलिमीटर आत आणि १९ बाहेर गेले. ऑफसेट ५ मिलिमीटरने कमी असल्यामुळे सगळे चाक ५ मिलिमीटर बाहेर सरकले. म्हणजे बाहेरची कड मूळच्या कडेपेक्षा २४ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड १४ मिलिमीटर आत गेली. हा हिशेब पाठपोट कागदावर मावतो आणि सातवीतल्या मुलालाही जमतो. तो चाके विकत घेण्याच्या आधी केला असता, तर आतली कड शॉक अॅब्सॉर्बरच्या बाजूला घासणार हे घरबसल्या कळले असते. तो केला नाही, चाक घासले, आणि मग तोडगा निघाला तो स्पेसरचा. १० मिलिमीटरची चकती मध्ये घातली की आतली कड १४ वरून ४ मिलिमीटरवर आली आणि घासणे थांबले. पण बाहेरची कड आता मूळच्यापेक्षा ३४ मिलिमीटर बाहेर गेली. मागच्या सीटवर तिघे बसले आणि डिकीत सामान असले की खड्ड्यात टायरचा खांदा मडगार्डच्या पत्र्याला लागू लागला. तेव्हा पत्र्याची आतली कड हातोडीने वळवण्यात आली. एका चुकीवर दुसरी चूक रचण्याची ही रीत मला ठाऊक आहे, मशीन शॉपमध्येही ती चालते, पण तिथे निदान तपासनीस जॉब अडवतो.

बाजारात त्या जाडीचा स्पेसर चटकन मिळेना, म्हणून पुतण्याच्या मित्राने तो आमच्याच भागातल्या एका छोट्या वर्कशॉपमधून लेथवर करून आणला. त्या वर्कशॉपचे नाव मी घेणार नाही, कारण पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे दोष एकट्या त्याचा नव्हता.

आषाढातल्या एका रविवारी पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांची दोन मुले चोर्ल्यामार्गे गोव्याला निघाली. किणये सोडल्यानंतर सीट हलकीशी थरथरू लागली. पुढच्या चाकात दोष असेल तर स्टिअरिंग हादरते आणि मागच्या चाकात असेल तर सीट. हे ज्याने त्याने लक्षात ठेवावे. त्याला वाटले रस्ता खराब आहे, आणि पावसाळ्यात त्या रस्त्याबद्दल असे वाटणे स्वाभाविकच आहे. जांबोटी मागे पडली, थरथर वाढली, आणि कणकुंबीच्या अलीकडे मागून ठोके ऐकू येऊ लागले तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली. मला फोन आला: “काका, मागच्या चाकाचा एक नट नाहीच आहे आणि दुसरा हातानं फिरतोय.” मी त्याला तिथून एक फूटही गाडी हलवू नकोस असे सांगितले. पावसात, झाडांखाली, लहान मुलांना घेऊन ते कुटुंब दोन तास थांबले. घाट उतरायला अजून सुरुवात झाली नव्हती, एवढे आमचे भाग्य.

दुसऱ्या दिवशी ती चाके आणि दोन्ही स्पेसर मी माझ्या टेबलावर घेतले. जे पाहिले ते सविस्तर सांगतो, कारण अशी चाके लावलेल्या प्रत्येकाने आपल्या गाडीवर हेच पाहावे अशी माझी इच्छा आहे. रिमच्या भोकांभोवती तांबूस भुकटी साचली होती. दोन घट्ट धरलेले पृष्ठभाग एकमेकांवर बारीक बारीक घासत राहिले की अशी भुकटी पडते. ती दिसली की समजावे, जोड हलतो आहे. दोन भोके किंचित लांबट झाली होती. स्टडवर एका जागी चकचकीत कडे उमटले होते. स्पेसरची जाडी मी मायक्रोमीटरने चार ठिकाणी घेतली, तर एका बाजूला १०.०२ आणि समोरच्या बाजूला ९.८७ मिलिमीटर निघाली. दीड दशांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण १५० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवरचा हा तिरपेपणा १६ इंची रिमच्या कडेला पोचेपर्यंत ०.४ मिलिमीटर होतो आणि टायरच्या कडेला ०.६. चाक दर फेऱ्याला एवढे डोलते, आणि कितीही वजने चिकटवून बॅलन्सिंग केले तरी हे डोलणे जात नाही.

मग भोके मोजली. आमच्या गाडीचे चार स्टड १०० मिलिमीटर पीसीडीवर आहेत, म्हणजे चारही स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० आहे. तेव्हा शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर सगळीकडे ७०.७ मिलिमीटर यायला हवे. मला एका ठिकाणी ७०.२ आणि दुसऱ्या ठिकाणी ७१.३ मिळाले. भोके मोठी पाडून हा फरक जिरवला होता. स्पेसरचा मधला बोअर, म्हणजे मधले मोठे भोक, हबच्या कॉलरपेक्षा (हबच्या मध्यावरच्या गोल उंचवट्यापेक्षा) ऐसपैस होता, आणि स्पेसरच्या दुसऱ्या बाजूला रिमला पकडणारी कॉलर मुळीच नव्हती. हबवरची कॉलर कशासाठी असते हे अनेकांना माहीत नसते. चाक बरोबर मध्यावर बसवण्याचे काम तिचे असते. आमच्या हबची कॉलर ५६.१ मिलिमीटरची आहे आणि बाहेरून घेतलेल्या रिमचा मधला बोअर ७३.१ मिलिमीटरचा, कारण एकच रिम अनेक गाड्यांना खपावी म्हणून निर्माता तो मोठा ठेवतो. म्हणजे चहूबाजूंनी साडेआठ मिलिमीटर मोकळी जागा. ती भरण्यासाठी नेमक्या मापाची हबरिंग लागते. आमच्या चाकात पुढे प्लास्टिकची हबरिंग होती. मागे स्पेसरने कॉलर झाकली गेल्यामुळे हबरिंगला बसायला जागाच राहिली नव्हती, म्हणून ती काढून टाकण्यात आली होती. पातळ स्पेसरचा हा मूळचाच दोष आहे: त्याच्या जाडीत हबची जुनी कॉलर सामावून पुन्हा नवी कॉलर काढायला धातू उरत नाही.

शेवटी मी आटे मोजले, आणि या पत्रातली सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. स्टड १२ मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका आट्यापासून दुसरा आटा दीड मिलिमीटरवर. नट स्टडच्या व्यासाइतका तरी खोल बसलाच पाहिजे, हा आमच्या धंद्यातला जुना नियम; म्हणजे १२ भागिले दीड, किमान आठ आटे. स्पेसर न घालता तीच रिम बसवली, तर नट ११ आटे घेत होता. १० मिलिमीटरचा स्पेसर साडेसहाहून अधिक आटे खातो. म्हणून स्पेसर घालून नट हाताने सावकाश फिरवला, तर पूर्ण चार फेरे झाले आणि जरासे पुढे जाऊन तो टेकला. चार आट्यांवर कुटुंब निघाले होते. लांब स्टड घालायला हवे होते. ते घातले नाहीत, कारण त्यासाठी ड्रम उतरवून जुने स्टड ठोकून काढावे लागतात, आणि ते काम कोणी अंगावर घेतले नाही.

पुष्कळ लोकांची अशी समजूत असते की गाडीचे वजन नट-बोल्टावर टांगलेले असते आणि चार पोलादी बोल्ट सहज तुटत नाहीत, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. ही समजूत खरी नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो रिमला हबवर दाबून धरतो. भार पेलते ते या दाबामुळे दोन सपाट पृष्ठभागांत निर्माण होणारे घर्षण. दाब टिकला तर पृष्ठभाग हलत नाहीत आणि स्टडला आडवा मार बसत नाही. दाब गेला की चाक दर फेऱ्याला तसूभर सरकू लागते, नट सैल होतो, स्टड वाकतो, परत सरळ होतो, पुन्हा वाकतो, आणि मग तो जसा तुटतो तसा एकदम तुटतो. मध्ये एकच जोड असताना जे काम निभत होते, ते स्पेसरमुळे दोन जोडांवर गेले. त्यांतला एखादा पृष्ठभाग रंगवलेला, गंजलेला किंवा तिरपा असला की दाब हळूहळू उतरतो. आमच्या स्पेसरला शोभेसाठी लाल रंग दिला होता, आणि तो रंगही आवळल्यानंतर दबून पातळ झाला होता.

नटाच्या बुडाविषयीही दोन शब्द लिहितो. काही गाड्यांच्या मूळ नटाचे बूड गोलाकार असते, तर बाहेरून घेतलेल्या बहुतेक मॅगव्हीलना निमुळत्या बुडाचा, म्हणजे टेपर नट लागतो. गोल बुडाचा नट टेपर भोकात घातला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो आणि लवकर सैल पडू शकतो. त्याच कारणाने, मॅगव्हीलच्या नटांवर मूळ पत्र्याची स्टेपनी लावू नये. रात्री अनमोड घाटात टायर पंक्चर झाला आणि डिकीत मूळ नट नसले, तर स्टेपनी असूनही तिचा उपयोग नाही. शिवाय स्टेपनी लावताना स्पेसर काढायचा की ठेवायचा, हे पावसात टॉर्चच्या उजेडात ठरवायची वेळ कुणावर येऊ नये.

स्पेसर करणाऱ्या टर्नरला मी नंतर भेटलो. तो होतकरू, हाताचा चांगला मुलगा आहे. मी काही न बोलता स्पेसर आणि मायक्रोमीटर त्याच्यापुढे ठेवले. त्याने स्वतः मोजले आणि तो गप्प झाला. मग म्हणाला, “काका, मला फक्त दहा एमएमची रिंग, चार भोकं, एवढंच सांगितलं होतं. ही गाडीच्या चाकात जाणार हे मला कुणी बोललंच नाही.” त्याला जुनी रिम नमुना म्हणून दाखवून भोकांची जागा खडूने आखून दिली होती. माल कुठला, असे विचारले, तर भंगारातून आणलेली ओतीव अॅल्युमिनियमची चकती. चांगले स्पेसर ६०६१-टी६ सारख्या, ताकद ठरलेल्या अॅल्युमिनियमपासून करतात. वितळवलेल्या पिस्टनांतून ओतलेल्या मालाच्या पोटात किती पोकळ्या आहेत, हे वरून दिसत नाही. त्याने एका तासात जॉब दिला, आणि त्याला त्याचे मोजके पैसे मिळाले. या प्रसंगात मला सगळ्यांत जास्त लागले ते हेच. ज्या उद्यमबागेत पंपाच्या साध्या बुशलाही ड्रॉइंग असते, ड्रॉइंगवर मटेरियल लिहिलेले असते, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लिहिलेला असतो आणि खाली तपासणाऱ्याची सही असते, तिथे चार जणांचा जीव ज्यावर फिरणार तो जॉब तोंडी झाला. ड्रॉइंग मागितले असते, तर ते काढताना कुणाला तरी कॉलर आठवली असती, आटे आठवले असते, आणि तेव्हाच लक्षात आले असते की या जाडीत हे काम बसत नाही.

आता पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीला मागे रुंद टायर लावून साधते काय, याचाही विचार व्हावा. आपल्या भागात दिसणाऱ्या बहुतेक मध्यम सेडान अशाच आहेत. त्यांत गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणे, ही तिन्ही कामे पुढचे टायर करतात. मागचे टायर त्या मानाने रिकामे असतात. मागची पकड वाढवली आणि पुढची तशीच ठेवली, तर ओल्या वळणावर गाडीचे तोंड वळायला नाखूश होते आणि ती सरळ बाहेरच्या अंगाला धावते. चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वळणांवर बाहेरचे अंग म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. खर्चाची बाजूही आहे. एरवी आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून चारही सारखे झिजवता येतात. स्टॅगर्डमध्ये ते शक्यच नसल्यामुळे पुढची जोडी लवकर बाद होते. भाराची रेषाही बेअरिंगपासून दूर जाते. आमच्या गाडीत ती ऑफसेटमुळे ५ आणि स्पेसरमुळे १०, अशी १५ मिलिमीटर बाहेर गेली होती. बेअरिंग याने एका दिवसात जात नाही, पण त्याचे आयुष्य घटते. आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर खानापूर भागातला तांबडा चिखल आणि खडी आपल्याच दारावर नव्हे, तर शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर उडवतो. निपाणी-संकेश्वरकडे उसाच्या हंगामात ट्रॉलींमागून जाताना हे मी स्वतः पाहिले आहे. हौस आपली आणि चिखल दुसऱ्याला, हे बरे नव्हे.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आपण सीमाभागातले लोक. सकाळी केए २२ ची गाडी घेऊन निघालो, तर दुपारपर्यंत शिनोळीवरून महाराष्ट्रात किंवा अनमोडवरून गोव्यात असतो. काही तरुणांना वाटते की इकडचा नियम तिकडे लागत नाही. हा केंद्राचा कायदा आहे आणि तिन्ही राज्यांत तो एकच आहे. विम्याचेही तसेच: कंपनीला लेखी न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, आणि त्या वेळी वाद घालायला आपल्यापाशी कागद नसतो.

याचा अर्थ स्पेसर ही वस्तूच त्याज्य आहे असा नाही. पोर्शेने आपल्या काही ९११ गाड्यांना कारखान्यातून ५ मिलिमीटरचे स्पेसर दिलेले आहेत, पण त्याबरोबर तेवढ्याने अधिक लांब बोल्टही दिले. जर्मनीत बाहेरचा स्पेसर लावायचा तर त्या विशिष्ट वस्तूचे तपासणीपत्र लागते आणि बसवल्यानंतर बहुतेक वेळा तज्ज्ञाकडून गाडी पाहून घ्यावी लागते. तिथे मुले हौस करत नाहीत असे नाही. तिथे हौस मोजून होते.

म्हणून आपल्या भागातल्या टायर दुकानदारांना आणि गॅरेजवाल्या बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे की चाके विकताना बिलावर केवळ ‘मॅगव्हील चार नग’ असे न लिहिता रिमची रुंदी, ऑफसेट, पीसीडी आणि मधला बोअर हे चार आकडे मराठीत किंवा कन्नडमध्ये, गिऱ्हाइकाला वाचता येतील असे लिहून द्यावेत. रिमवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आहे की नाही ते दाखवावे. नट एअर गनने आवळून गाडी सोडू नये. पुस्तिकेत दिलेल्या जोराने, आमच्या गाडीच्या बाबतीत १०८ न्यूटन-मीटरने, टॉर्क पान्याने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून पुन्हा तपासावेत. आटे आठपेक्षा कमी भरत असतील, तर गिऱ्हाईक कितीही हट्टाला पेटले तरी नाही म्हणावे. उद्यमबाग, मच्छे आणि ऑटोनगरमधल्या टर्नर बंधूंना विनंती अशी की भोके असलेली अॅल्युमिनियमची चकती कोणी करायला आणली, तर ती कशासाठी आहे हे आधी विचारावे, आणि चाकासाठी आहे असे कळले, तर ड्रॉइंगशिवाय आणि मटेरियलच्या दाखल्याशिवाय जॉब हाती घेऊ नये. आपल्या आयटीआयच्या आणि डिप्लोमाच्या शिक्षकांनी ऑफसेटचा हा हिशेब मुलांकडून एखाद्या तासाला करून घ्यावा. वर्कशॉपच्या वहीत तो एका पानात बसतो आणि मुलांना त्यात गोडी वाटेल, कारण विषय त्यांच्या आवडीच्या गाडीचा आहे.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाला एक विनंती. या वस्तूंच्या खोक्यांवरची सगळी माहिती इंग्रजीत असते, आणि आमच्या खेड्यापाड्यांतली गाडी चालवणारी मुले व्हिडिओ पाहून शिकतात, ज्यात चाक कसे दिसते एवढेच दाखवलेले असते. आठवड्यातून एखाद्या दिवशी वाहनांविषयी असे सोप्या मराठीतले, आकड्यांसह सदर आपण चालवलेत, तर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या वाचकांच्या ते प्रत्यक्ष उपयोगी पडेल. लिहायला जाणती माणसे उद्यमबागेत भरपूर आहेत. कुणी विचारलेले नाही म्हणून ती लिहीत नाहीत.

पुतण्याने मागची चाके उतरवून विकली, पण विकताना घेणाऱ्याला भोके लांबट झाल्याचे दाखवले आणि त्याने ती भंगाराच्या भावानेच नेली. मागचे आठही स्टड आम्ही नवे घातले, कारण एकदा वाकलेला स्टड वरून शाबूत दिसला तरी भरवशाचा नसतो. आता गाडीला चारही बाजूंना पुढच्यासारखीच साडेसहा इंची रिम आहेत, स्पेसर नाही, आणि हबरिंग चारही चाकांत आहेत. ते दोन लाल स्पेसर मी ठेवून घेतले आहेत. ज्यांना आपल्या गाडीची चाके मोजून पाहायची असतील त्यांनी रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत गाडी घेऊन यावे. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि टॉर्क पाना माझ्याकडे आहे, पैसे घेणार नाही. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त मशीन शॉप सुपरवायझर,
शहापूर, बेळगाव